घरचा कलह व कामकऱ्याचे मन

"घरचे भांडण घरी ठेवून कामावर यावे," असे धनी चाकरास सांगतो, आणि ऐकणाऱ्यास ते वाजवी वाटते. परंतु ते मनुष्यास शक्य आहे काय, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुरूड तालुक्यातील काशीद हे गाव घ्या. सुट्टीच्या दिवसांत तेथील पांढऱ्या वाळूवर पाहुण्यांची दाटी होते, व काही कुटुंबे आपल्याच घरच्या खोल्या त्यांस भाड्याने देऊन जेवूही घालितात. तेथे चूल हेच दुकान व सासू हीच धनीण. खोल्यांच्या उत्पन्नाच्या वाट्यावरून रात्री भावाभावांत शब्द झाले, तरी सकाळी त्यांनीच हसतमुखाने पाहुण्यास चहा द्यावयाचा. उंबरठा एकच, मग भांडण ठेवावे कोठे? तसेच किनाऱ्यावरील जीवरक्षक. त्याचे डोळे लाटांवर आणि मन घरी, असे झाले तर बुडणाऱ्याचे काय होईल?

ही गोष्ट लहान नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आपला जीव दिला. कारणांत कौटुंबिक अडचणी सर्वांत पुढे, म्हणजे शेकडा ३१.७ होत्या, आणि मृतांपैकी शेकडा २६.४ रोजंदारीवर पोट भरणारे होते. असे दुःख बहुधा एकाच कारणाने येत नाही. कर्ज, व्यसन, आजार हीही त्यात मिसळतात. तरी घरच्या ओझ्याचा भार ह्यावरून कळून येतो.

मन हे दारात काढून ठेवावयाचे पायताण नव्हे. कामकऱ्याने कामात कसूर करू नये हे खरे, तथापि हात चुकताच रोज कापण्याआधी "काय झाले?" असे एकांतात पुसणे हे धन्याचे कर्तव्य होय, व ऐकलेले गुप्त राखणे हे त्याहून मोठे. घरच्यांनीही कामावर निघालेल्यास टोचून बोलू नये. वाट्याचा तंटा सवडीने, वडील माणसांसमक्ष मिटवावा. परंतु जेथे मारहाण आहे तेथे "सोस, बाई," असा उपदेश करणे हा अन्यायच होय. तिच्या संरक्षणार्थ सन २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. ज्याचे मन फारच खचले असेल त्यास एकटे सोडू नये. १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते.

वाचकहो, उद्या आपल्या शेतावर वा दुकानी कोणी उतरलेल्या तोंडाने आला, तर आपण त्यास आधी रागे भरू, की आधी पुसू?