रिंजानीची चढण आणि तपाचा प्रश्न

इंडोनेशियातील लोम्बोक बेटावरचा ३,७२६ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी रिंजानी चढण्यासाठी जगभरातून गिर्यारोहकांचे गट येतात, आणि त्यांच्या श्रमांकडे पाहताना, देहाला दिलेले कष्ट आपोआप तप ठरतात काय, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. बेटावरचे बाली हिंदू आणि मुस्लिम ससाक, दोघेही या पर्वताला पवित्र मानतात. परंतु हिंदू भाविकांची यात्रा शिखराऐवजी सेगारा अनाक या सरोवराकडे उतरते, जे कॅल्डेऱ्यात, म्हणजे महास्फोटानंतर पर्वताचा माथा खचून झालेल्या कढईसारख्या खळग्यात, साठलेले आहे. असा महास्फोट येथे १२५७ मध्ये झाला होता. पकेलेम नावाच्या विधीत भाविक या पाण्यात सोने अर्पण करतात, आणि तपाचे मर्म या सोडून देण्यातच अधिक स्पष्ट दिसते. शिखराच्या अखेरच्या उतारावर सुटी राख व खडी असल्यामुळे टाकलेले पाऊल मागे घसरते, दमलेल्या सोबत्यासाठी सर्वांना थांबावे लागते, आणि अशा थांबण्यात अहंकार क्षीण होण्याची शक्यता असते, हे मान्य करावेच लागेल. तथापि याच वाटेवर स्थानिक भारवाहक बांबूच्या कावडीला तंबू, अन्न आणि पाणी टांगून, पुष्कळदा साध्या चपलांनिशी, गटाच्या पुढे जातात. म्हणून या चढाईला तप म्हणायचेच असेल, तर ते प्रथम त्यांच्या नावे मांडले पाहिजे.