नौका आणि किनारा

राजूरकडून भंडारदऱ्याला जाताना सह्याद्रीचे उंच कडे दिसू लागतात. लांब चोचीची गिधाडे घरटी करतात ती अशाच कपारींत. १९९०च्या दशकात देशभर ती झपाट्याने नाहीशी होत गेली. कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले. जनावरांना वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत.

गिधाडे वाचवायला हरियाणातील पिंजोर येथे वनखाते आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने प्रजनन केंद्र उभारले. काही प्राणिसंग्रहालयांनीही हे काम हाती घेतले. पण आभाळात फिरणाऱ्या पक्ष्याला कोंडणे हा इन्साफ आहे का?

हा प्रश्न आपण सहज टाळू शकत नाही. सूरह अल-अनआममध्ये पशुपक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने मांजरीला खायलाही दिले नाही आणि पोट भरायला मोकळेही सोडले नाही. गिधाडाचे मात्र उलटे झाले होते. बाहेरच्या अन्नातच विष होते, म्हणून पिंजरा ही हिफाजत ठरली.

हजरत नूह (अ.स.) यांच्या नौकेत जोडीजोडीने प्राणी चढले, पण नौका हे त्यांचे घर नव्हते. पूर ओसरला, नौका जूदीवर टेकली, तेव्हा तिचे काम संपले. प्राणिसंग्रहालयाचीही कसोटी हीच आहे.

अरबस्तानातील ओरिक्स हरीण १९७२ साली रानातून संपले. अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जपलेल्या कळपामुळे १९८२ साली ते ओमानच्या वाळवंटात परत सोडता आले. पुढे तिथे चोरटी शिकार वाढली. सरकारने अभयारण्यही बरेच आकसवले आणि २००७ साली युनेस्कोने ते जागतिक वारशातून वगळले. पिंजऱ्याने आपले काम केले होते. माणसाने मात्र किनारा राखला नाही.

२०२४ साली पिंजोरची वीस गिधाडे महाराष्ट्रात, पेंच आणि ताडोबाला आणली गेली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ सालीच बंदी आली, तरी माणसांसाठीचे औषध गोठ्यात पोहोचू शकते. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. ते मागणे गाय-बैल, शेळ्या पाळणाऱ्या आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.

पिंजऱ्यात पक्षी जगवणे तज्ज्ञांचे काम असेल. त्याला परतायला जागा ठेवणे ही मात्र आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो.