आरतीनंतरची रात्र

भाद्रपदातील चतुर्थी जवळ आली की, एस.टी.च्या जादा गाड्या आणि कोकण रेल्वे मुंबई-ठाण्याच्या चाकरमान्यांना महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील त्यांच्या वाड्यांच्या वाटेला आणून सोडतात, आणि वर्षभर म्हाताऱ्या माणसांच्या व कुलुपांच्या हवाली असलेली घरे चार-सहा दिवसांपुरती पुन्हा नांदती होतात. गणपती बसतो; सायंकाळी सबंध वाडी टाळ-मृदंगासह घरोघर आरती म्हणत फिरते; शेवटच्या घरची आरती, मंत्रपुष्प आणि प्रसाद आटोपेपर्यंत रात्र बरीच चढलेली असते. शास्त्राने सांगितलेली पूजा येथे पुरी झाली. परंतु माणसे उठत नाहीत. कोणी पेटी पुढे ओढतो, अभंग होतात, गवळण होते, आणि मग भजनाची शिस्त हळूहळू सैल होऊन एखाद्याला आग्रह होतो की, बाबा रे, तुझे ते नेहमीचे गाणे म्हण. ते गाणे जुन्या नाटकातले असेल, चित्रपटातले असेल, आजीकडून ऐकलेले असेल. दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा चालतात: पावसाने भाताचे काय केले, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, डोंबिवलीची खोली किती भाड्याने गेली. पहाटेपर्यंत चालणाऱ्या या प्रकाराची नोंद धर्माच्या दफ्तरात कोणत्या सदराखाली करावयाची, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. ही रात्र पूजेचा भाग आहे, की पूजा संपल्यावर देवाच्या साक्षीने घेतलेली करमणुकीची मुभा आहे?

कडक उत्तर शोधण्यासाठी या मुलखाच्या बाहेर जावे लागत नाही. वरंधा घाटाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातच, शिवथर घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाचे लेखन येथे केले अशी परंपरा आहे, आणि धुळ्याच्या शंकरराव देवांनी 1930 साली ही घळ शोधून काढल्यापासून तेथे समर्थभक्तांचा राबता आहे. समर्थांना व्यर्थ बोलण्याची मनापासून चीड होती. आळस, टवाळी, वेळेचा अपव्यय यांच्यावर त्यांनी जितके कोरडे ओढले तितके क्वचितच दुसऱ्या संताने ओढले असतील. कीर्तनाची लक्षणे सांगतानाही, गायनाच्या कलाकुसरीत गुंतलेल्याच्या हातून ज्याच्यासाठी गायचे तो देवच निसटतो, असा इशारा ते देतात. या दृष्टीने पाहिले तर, मध्यरात्रीनंतर ओटीवर रंगलेली ती मैफल आणि त्या घरगुती गप्पा म्हणजे आरतीने मिळवलेले पुण्य गळतीस लागण्याची सुरुवातच म्हणावी लागेल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्याने तो घेतला तो गाण्याचा शत्रू नव्हता. घळीसमोर कोसळणाऱ्या धबधब्याचे नादमय वर्णन त्याच्याच नावावर आहे, आणि घरोघर पहिली म्हटली जाणारी गणपतीची आरतीही परंपरेने त्याचीच मानली जाते.

पण याच परंपरेचा दुसरा आवाजही तितकाच अधिकारी आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायातील नववा श्लोक भक्तांचे वर्णन करताना एकान्त, आसन, मौन यांपैकी कशाचाही उल्लेख करीत नाही. ते एकमेकांना सांगतात, एकमेकांना जाणवून देतात आणि त्यातच संतुष्ट होऊन रमतात, असे म्हणतो. या श्लोकावर ज्ञानेश्वरांनी जो दृष्टान्त दिला आहे त्याची मला नेहमी आठवण होते. शेजारशेजारची दोन सरोवरे उचंबळून आली की त्यांचे पाणी एकमेकांत मिसळते, आणि मग लाटांची घरे लाटांनीच बांधली जातात. दोन भक्त भेटले म्हणजे तसे होते. नारदाच्या भक्तिसूत्रांतही, दाटल्या कंठाने व डोळ्यांत पाणी आणून परस्परांशी बोलणारे भक्त आपली कुळे आणि पृथ्वी पावन करतात, असे सांगितले आहे. पावन करणारी क्रिया म्हणून सूत्रकाराला परस्परांशी बोलणे सुचावे, ही गोष्ट लहान नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, ते बोलणे भगवंताविषयीचे होते, भाताविषयीचे नव्हते. खरे आहे, आणि येथेच मला माझे मत मांडावयाचे आहे. भागवतात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले, त्यांत पहिले श्रवण आणि दुसरे कीर्तन. आपण गाणाऱ्याचे कौतुक करतो, म्हणून कीर्तन डोळ्यांत भरते; पण क्रमाने ऐकणे आधी आले आहे, आणि तो क्रम विचारपूर्वक आला आहे अशी माझी समजूत आहे. स्वतःचे आवडते गाणे म्हणण्यास फारसा त्याग लागत नाही. दुसऱ्याचे आवडते गाणे, आपल्याला तितकेसे न आवडणारे, कदाचित बेसूर, त्याच्याकडून गेल्या वर्षीही ऐकलेले, पुन्हा ध्रुपदासकट मन लावून ऐकणे आणि ठेका धरणे, यात अहंकाराला थोडे मागे सरकावे लागते. ज्या माणसाने अकरा महिने एका कारखान्यात वा कचेरीत इतरांचे हुकूम ऐकले, त्याचे ऐकणारा कोणीतरी या ओटीवर असतो. तो जे गाणे निवडतो त्यात त्याचे गेलेले वडील असतात, सुटलेली शेती असते, प्रसंगी बंद पडलेली गिरणी असते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्या पिढीचा मुंबईतला पायाच हलला, तिच्या गाण्यांत हे सर्व आपोआप येते. तो ते तोंडाने सांगणार नाही. गाण्याच्या निमित्ताने तो ते समोर ठेवतो, आणि ऐकणारा ते स्वीकारतो. भाताच्या गप्पाही याच स्वीकाराच्या पोटात येतात. शेजाऱ्याच्या शेताची चौकशी खरोखर कान देऊन केली असेल, तर ती देवापासून दूर नेणारी आहे असे मानण्यास माझे मन घेत नाही.

ऐकण्याचे हे महत्त्व जाखडीत तर उघडच दिसते. गौरी-गणपतीत जागोजाग रंगणाऱ्या या नाचात घुंगरू बांधलेले नाचणारे फेर धरतात, मध्ये बसलेले गायक ढोलकी-झांजेवर पदे म्हणतात, आणि शक्ती व तुरा असे दोन पक्ष रात्रभर एकमेकांस सवाल घालतात. शक्तीवाल्यांचे म्हणणे की विश्वाच्या मुळाशी शक्ती, प्रकृती आहे. तुरेवाल्यांचे की पुरुष, शिव आहे. सांख्यांनी आणि वेदान्त्यांनी ज्या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, त्याचा ऊहापोह येथे दिवसा नांगर धरणारी आणि शहरात पडेल ती नोकरी करणारी माणसे चालीवर करतात. समोरच्याचे पद अक्षरशः कानात साठवल्यावाचून त्याला जबाब देता येत नाही. प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी त्याचे म्हणणे त्याच्याहून बारकाईने ऐकावे लागते, अशी ही वादपद्धती आहे. कित्येक विद्वत्सभांना ती साधलेली नाही.

मात्र श्रवणाला जर मी धर्माचे स्थान देतो, तर एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. ही रात्र ज्या मुलखात रंगते त्याच मुलखात माणसांच्या वर्तुळाचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते. महाडात वीरेश्वराचे देवालय आहे. महाशिवरात्रीनंतर तेथे छबिना भरतो, आणि आसपासच्या गावांचे देव आपापल्या पालख्यांतून, खालूबाजाच्या गजरात, वीरेश्वराच्या भेटीला येतात. देवांनाही एकमेकांना भेटावेसे वाटते, ही कल्पना मला या भूमीची फार मोठी धार्मिक देणगी वाटते. पण त्याच महाडात, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि पुढच्या वर्षी नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तळ्यावर असलेला मज्जाव वहिवाटीने तसाच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडात भरलेल्या त्यांच्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात पिकली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे तळ्याचे शुद्धीकरण झाले. तळ्याच्या हक्काचा खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि 1937 साली निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. ज्या देवाकडे गावोगावचे देव पाहुणे येत, त्याच्या दारी माणूस येईल या नुसत्या भयाने डोकी फुटली, ही घटना त्या छबिन्याच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे, कोणाचे गाणे ऐकावयाचे नाही हे आधी ठरवून बसलेल्या मेळ्याला श्रवणभक्तीचा अधिकार उरत नाही, असेच मला वाटते. आज दर 20 मार्चला तळ्याच्या काठी जो समुदाय लोटतो, जी भीमगीते आणि शाहिरी तेथे होतात, त्यांनाही मी याच विचाराच्या कक्षेत घेतो. दूरदूरचे अनोळखी लोक तेथे एकमेकांची गाणी ऐकतात. देवपूजेचा तेथे संबंध नाही, आणि माझ्या विवेचनास तो असण्याची गरजही नाही.

राहिला प्रश्न चित्रपटगीताचा, ज्यावरून अनेक वाड्यांत वडीलधाऱ्यांची व तरुणांची दरवर्षी थोडी खडाजंगी होते. वडील मंडळींची भीती निराधार नाही: मोठ्या भोंग्यावर लावलेले तेच गाणे आले की गाणारा कोणी उरत नाही, ऐकणाराही उरत नाही, आणि गप्पा तर ऐकूच येत नाहीत. समर्थांचा इशारा मला येथे पूर्णपणे लागू वाटतो. परंतु तेच गाणे जर पुतण्याने स्वतःच्या कच्च्या आवाजात म्हटले आणि चुलत्याने, त्याची चाल ठाऊक नसताही, अंदाजाने टाळ धरला, तर त्या गाण्याला मखरापुढे जागा द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. आणि गौरीच्या रात्री आतल्या घरात झिम्मा-फुगड्यांबरोबर माहेरवाशिणी जी गाणी म्हणतात, सासरच्या गावाहून आणतात आणि माहेरची नवी शिकून घेऊन कशेडी किंवा आंबेनळी घाटापलीकडे नेतात, त्यांना तर ओटीवरच्या भजनात बोलावून जागा दिली पाहिजे. पुरुषांच्या मेळ्याने इतकी वर्षे ती भिंतीआडूनच ऐकली आहेत.