शब्द तराजूत टाकता येतो का?

१९९२ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या रेडफिश लेकमध्ये समुद्रातून सॉकाय जातीचा एकच सॅमन मासा परतला. वाट सुमारे १,४५० किलोमीटरची, त्यात कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरची आठ धरणं.

वीज की मासे? मी इंजिनिअर. दोन्हीकडचे आकडे मांडून सुवर्णमध्य काढायची सवय. ही वीज कोळसा जाळत नाही, आणि तापलेलं पाणी सॅमनलाही मारतं. त्यामुळे ‘धरणं पाडा’ म्हणणं सोपं नाही.

पण १८५५च्या करारांत सरकारने नेझ पर्स, याकामा अशा जमातींची जमीन घेतली आणि नेहमीच्या जागी मासे धरण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. १९५७ मध्ये त्याच आठांपैकी द डॅल्स धरणाने त्यातली एक मोठी जागा, सेलिलो धबधबा, बुडवली.

दिलेला शब्द तराजूत टाकायचा नसतो. ती गणितातली अट असते. उत्तर तिच्या आतच शोधायचं. वीज वाऱ्यातून, उन्हातून आणता येईल, महाग पडेल. मासेच नसलेल्या नदीत मासेमारीचा हक्क मात्र कागदावरच उरतो.

मग हा खर्च कुणी सोसायचा? इतकी वर्षं ज्यांनी स्वस्त वीज वापरली, त्यांनी.