छापा कुणाचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एक डॉलरच्या नाण्याचा एक कच्चा मसुदा बाहेर आला. देशाला २०२६ साली अडीचशे वर्षं होतात, त्यासाठीचं हे नाणं. एका बाजूला डोनाल्ड ट्रम्प यांचा चेहरा, वर ‘लिबर्टी’ हा शब्द, खाली १७७६ आणि २०२६ ही सालं. दुसऱ्या बाजूलाही ट्रम्पच, मूठ वर केलेले, मागे झेंडा आणि ‘फाइट, फाइट, फाइट’ ही अक्षरं. जुलै २०२४ मध्ये बटलर इथल्या सभेत गोळीबार झाला, त्यानंतरची ती मूठ. मसुदा खरा आहे, असं ट्रेझरर ब्रँडन बीच यांनी स्वतः सांगितलं. मग अपेक्षेप्रमाणे भांडण सुरू झालं, आणि अपेक्षेप्रमाणे ते ट्रम्प चांगले की वाईट यावरच अडकलं.

मला त्या भांडणात फारसा रस नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: जिवंत माणसाचा चेहरा चलनातल्या नाण्यावर असावा का? समजा तो माणूस तुमचा अत्यंत आवडता आहे. तरी?

आधी कायदा बघू, कारण त्याची गोष्ट गमतीची आहे. यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेत सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई झाली की सेंटांच्या कागदी नोटा छापाव्या लागल्या. त्यातल्या पाच सेंटांच्या नोटेवर चेहरा आला स्पेन्सर क्लार्क यांचा. हे क्लार्क म्हणजे कुणी सेनापती किंवा कवी नव्हेत, नोटा छापणाऱ्या खात्याचे प्रमुख. म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादावर आचाऱ्यानं स्वतःचं नाव घालावं, तसं. काँग्रेस भडकली आणि १८६६ मध्ये कायदा झाला की जिवंत माणसाचं चित्र नोटांवर आणि रोख्यांवर येणार नाही. त्यात नाण्यांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या डॉलर नाण्यांची मालिका ठरली, तेव्हा २००५ च्या कायद्यानं सांगितलं की जिवंत अध्यक्ष नाण्यावर नको, आणि मृत्यूनंतरही दोन वर्षं थांबायचं. अडीचशे वर्षांच्या नाण्यांना परवानगी देणाऱ्या कायद्यात मात्र असं आहे की नाण्याच्या मागच्या बाजूवर जिवंत माणसाचं चित्र नको, आणि जिवंत-मृत कुणाचाही खांद्यापर्यंतचा चेहराही नको. मागच्या बाजूवर! पुढच्या बाजूबद्दल त्या कलमात तसं काही नाही. या कायद्यावर जानेवारी २०२१ मध्ये सही कुणी केली? ट्रम्प यांनीच.

वकिलांना यात वर्षभराचं काम आहे. पण कायद्यात फट सापडली म्हणून गोष्ट योग्य ठरत नाही, हे सोसायटीच्या मीटिंगला एकदा जरी बसलेल्या माणसाला माहीत असतं.

मूळ वाद १७९२ चा आहे. नवा देश, नवी टांकसाळ. सिनेटच्या मसुद्यात होतं की नाण्यावर त्या-त्या वेळच्या अध्यक्षाचं मुंडकं असावं. तेव्हा अध्यक्ष होते जॉर्ज वॉशिंग्टन, आणि त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तरीही प्रतिनिधिगृहानं ते नाकारलं. व्हर्जिनियाचे जॉन पेज यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं की ही राजेशाहीची रीत आहे. आज वॉशिंग्टन आहेत म्हणून ठीक, पण उद्या कोण येईल याची हमी कोण देणार? म्हणून ठरलं की नाण्यावर कुठला माणूस नको, स्वातंत्र्याचं प्रतीक हवं आणि ‘लिबर्टी’ हा शब्द हवा. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं नेहमीच्या चलनी नाण्यांवर एकाही खऱ्या व्यक्तीचा चेहरा आला नाही. पहिला आला लिंकन यांचा, १९०९ मध्ये, एका सेंटवर, जन्मशताब्दीच्या निमित्तानं. तोवर त्यांना जाऊन ४४ वर्षं झाली होती.

इथे लेख संपवून ‘बघा, किती थोर होते पूर्वज’ म्हणता आलं असतं. पण तसं म्हणवत नाही. कारण ज्या नाण्यावर ‘लिबर्टी’ कोरलेलं होतं, त्याच नाण्यांनी त्या देशात माणसं विकत घेतली जात होती. १७९२ पासून १८६५ पर्यंत. लिलावात उभ्या असलेल्या बाईची किंमत मोजली जाते आहे आणि मोजणाऱ्याच्या बोटांत स्वातंत्र्यदेवता आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. माणसाचा चेहरा टाळून कल्पनेचा चेहरा घेतला की नाणं शुद्ध होतं, असं नाही. उलट माणसाला निदान चरित्र असतं, ते तपासता येतं. कल्पनेला कोण जाब विचारणार? तेव्हा अमूर्त चांगलं आणि व्यक्ती वाईट, इतकं हे सोपं नाही.

डॉलरच्या नाण्यांत याची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही बायकांची आहेत.

सुसान बी. अँथनी यांनी १८७२ च्या निवडणुकीत मत दिलं. बाईनं मत देणं गुन्हा होता. अटक झाली, खटला चालला, शंभर डॉलर दंड झाला. त्यांनी कोर्टात सांगितलं की यातला एक डॉलरही भरणार नाही, आणि खरोखर भरला नाही. १९७९ मध्ये त्याच सरकारनं त्यांना डॉलरवर बसवलं. त्याआधी टांकसाळीचे शिल्पकार फ्रँक गॅस्पारो यांनी मोकळ्या केसांच्या स्वातंत्र्यदेवतेचं डिझाइन केलं होतं. काँग्रेसनं ते बाजूला ठेवून अँथनी यांना निवडलं. चलनी नाण्यावर आलेली ही पहिली खरी अमेरिकन बाई. आता वाटेल की न्याय झाला. पण नाण्याचा व्यास होता साडेसव्वीस मिलिमीटर, आणि पाव डॉलरचा जवळपास सव्वाचोवीस. रंग तोच, कडा तशीच खाचांची. लोक पाव डॉलर समजून अख्खा डॉलर देऊन टाकत. दुकानदार वैतागले. तेव्हाच्या अध्यक्षांच्या नावावरून त्याला ‘कार्टर क्वार्टर’ म्हणून चिडवायला लागले. तीन वर्षांत ८५ कोटींहून जास्त नाणी पाडली गेली, आणि त्यातली बरीचशी तिजोऱ्यांत पडून राहिली.

मला हे फार झोंबतं. ज्या बाईनं सरकारला डॉलर द्यायला नकार दिला, तिला सरकारनं असा डॉलर दिला की जो कुणालाच नको होता. आणि दोष तिच्या चेहऱ्याला चिकटला. डिझाइन फसलं ते मिलिमीटरमध्ये, पण लक्षात राहिलं ते ‘ते बाईचं नाणं चाललं नाही’ असं.

आपल्याकडे ‘चालणं’ हा शब्द किती नेमका आहे बघा. नाणं चालतं किंवा चालत नाही. दहा रुपयांच्या नाण्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं की नसलेलं, दहा रेघांचं खरं की पंधरा, अशा अफवा फिरल्या आणि रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत लोक ते घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चौदाच्या चौदा डिझाइनं वैध आहेत. तरीही कित्येक ठिकाणी मान हलवून ते परत केलं गेलं. सरकार नाणं पाडू शकतं, पण चालवतात लोक.

दुसरी बाई साकागाविया. शोशोनी जमातीची मुलगी, लहानपणी दुसऱ्या जमातीनं पळवलेली, पुढे एका फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याची बायको. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर ती पॅसिफिकपर्यंत गेली, पाठीवर काही महिन्यांचं मूल घेऊन. मोहीम संपल्यावर नवऱ्याला पैसे मिळाले, जमीन मिळाली. तिला काही नाही. २००० साली ती सोनेरी रंगाच्या डॉलरवर आली, पाठीवरच्या मुलासकट. पण तिचा चेहरा कसा होता? कुणालाच माहीत नाही. तिच्या हयातीतलं एकही चित्र नाही. शिल्पकार ग्लेना गुडेकर यांनी रँडी टेटन या शोशोनी-बॅनॉक विद्यार्थिनीला समोर बसवून चेहरा घडवला. म्हणजे ज्या देशात जिवंत माणसाचं चित्र नाण्यावर नको म्हणून इतका काथ्याकूट, तिथे एक जिवंत तरुणी दुसऱ्या नावानं अब्जावधी नाण्यांवर फिरली. आणि त्याला कुणीही, मीसुद्धा, आक्षेप घेणार नाही. का नाही? कारण तो चेहरा स्वतःसाठी काही मागत नव्हता. हरवलेल्या चेहऱ्याच्या जागी उभं राहायला तिनं आपला चेहरा उसना दिला.

इथे मला माझं उत्तर दिसायला लागतं. जिवंत असणं ही मूळ अडचण नाही. अडचण ही की ज्याला त्या नाण्याचा फायदा आहे, त्याच्याच हाताखालची माणसं ते नाणं ठरवतात. अर्थमंत्री नेमतो अध्यक्ष, आणि डिझाइन मंजूर करतो अर्थमंत्री. वाढदिवसाचा फ्लेक्स आपणच लावायचा आणि खाली ‘शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ’ लिहायचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. फक्त फ्लेक्सकडे बघून मान फिरवता येते. नाणं घ्यावंच लागतं. विरोधकाला विरोध करण्यासाठी बसचं तिकीट काढायचं असेल, तरी.

एक प्रतिवाद मात्र तगडा आहे. ब्रिटनची एलिझाबेथ राणी सत्तर वर्षं डझनावारी देशांच्या नाण्यांवर होती, जिवंत होती, कुणाचं काय बिघडलं? मला वाटतं, फरक एवढाच की राणी निवडणुकीला उभी राहत नव्हती. तिला तुमचं मत नको होतं. आणि शिवराईचं काय? रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, त्यानंतरच्या त्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. नाव जिवंत राजाचंच होतं, हे मान्य करायला हवं. पण चेहरा नाही, नुसती अक्षरं. हे राज्य कुणाचं, याची ती सही होती. नाणं पेशवाईत तसंच पाडत राहिले आणि ते इंग्रजी अमलातही चालत राहिलं. राजा जाऊन दीडशे वर्षं झाली तरी बाजारात ते नाणं कुणी परत केलं नाही, आणि ते मान्य करण्याची सक्ती करायला तोवर राजाही नव्हता.

चेहऱ्याचा मोह किती चिवट असतो ते रोममध्ये दिसतं. हयातीत रोमन नाण्यावर झळकलेला पहिला रोमन ज्युलियस सीझर, ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा खून झाला, प्रजासत्ताक वाचवण्याच्या नावाखाली. खून करणाऱ्यांतला ब्रूटस. दोनेक वर्षांत ब्रूटसनं स्वतःची नाणी पाडली: मागे दोन खंजीर, खुनाची तारीख, आणि पुढे कुणाचा चेहरा? ब्रूटसचा!

अमेरिकेतही हे आधी एकदा घडलं आहे. १९२६ मध्ये दीडशे वर्षांच्या निमित्तानं काढलेल्या अर्ध्या डॉलरवर वॉशिंग्टन यांच्यासोबत तेव्हाचे अध्यक्ष कूलिज होते. ते नाणं चलनासाठी नव्हतं, हौशी लोकांना विकायचं होतं. दहा लाखांच्या आसपास पाडली आणि बहुतेक वितळवावी लागली.

मेलेल्या अध्यक्षांची गतही बरी नव्हती. २००७ पासून एकेका माजी अध्यक्षाचं डॉलर नाणं निघत गेलं. लोकांना कागदी डॉलर सोडायचा नव्हता आणि तो छापणं बंद झालं नाही. काही हुशार मंडळी टांकसाळीकडून क्रेडिट कार्डावर नाण्यांचे खोके मागवायची, पोस्टेज फुकट, कार्डावर विमानप्रवासाचे पॉइंट घ्यायची आणि नाणी तशीच बँकेत भरून बिल फेडायची. फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत अब्जाहून जास्त डॉलर नाणी साठली. डिसेंबर २०११ मध्ये चलनासाठी ती पाडणं थांबवलं. कुणाचं नाणं, हा वाद घालताना हे विसरायला होतं की हे नाणं बहुतेक अमेरिकनांच्या हातात कधी पडतच नाही.

शेजारच्या कॅनडानं १९८७ मध्ये डॉलरचं नाणं काढलं आणि दोन वर्षांत कागदी डॉलर थांबवला. नाण्यावर होडीतले प्रवासी असणार होते, पण त्याचे मूळ साचे ओटावाहून विनिपेगला जाताना वाटेत हरवले. कुणी खोटी नाणी पाडील या भीतीनं चित्र बदलावं लागलं आणि तिथल्या तळ्यांवर दिसणारा लून नावाचा पक्षी नाण्यावर आला. लोक त्याला ‘लूनी’ म्हणायला लागले. पुढे दोन डॉलरचं नाणं निघालं, ते ‘टूनी’ झालं. लूनीच्या दुसऱ्या बाजूला राणी होती, चांगली जिवंत. तिच्या नावानं त्या नाण्याला कुणी हाक मारली नाही.