बाजाराची वाट

रोजीरोटीसाठी शहर सोडून दूरच्या खेड्यात संसार मांडताना मन कचरते. अशा वेळी इ.स. ६२२ ची हिजरत आठवा. व्यापारी मक्का सोडून मुहाजिर खजुरीच्या बागांच्या मदीनेत आले. अन्सारी बंधू हजरत सअद बिन रबीअ (रजि.) अर्धी संपत्ती देऊ लागले, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि केवळ बाजाराची वाट विचारली. पनीर, तूप विकून ते स्वावलंबी झाले. निकाह होताच प्रेषितांनी (स.) त्यांना वलीमा करण्यास सांगितले, एका बकरीचा का होईना!

तुम्हीही नव्या गावी कष्टाची लाज बाळगू नका आणि आपला आनंद शेजाऱ्यांत वाटा. रिज्क देणारा अल्लाह तेथेही आहे.