न्यायाच्या दारातील दहा वर्षे

कायद्याच्या मार्गाने न्यायाची सेवा करणाऱ्यांच्या गौरवार्थ ग्रूबर प्रतिष्ठानाने एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक स्थापन केले. २००२ साली ते आपल्या फली नरिमन यांना लाभले. १९५० साली मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ करणारे हे विधिज्ञ २०२४ साली निवर्तले. नर्मदा प्रकरणात ते गुजरात सरकारची बाजू मांडत होते. परंतु १९९८ साली त्या राज्यात ख्रिस्ती लोकांवर हल्ले होऊ लागताच त्यांनी ते वकीलपत्र सोडले. अशा व्यक्तीचा सन्मान यथार्थच होय. तरीही एक प्रश्न मनात उरतो. न्यायासाठी जो बोलतो, त्याला पारितोषिक मिळते. जो न्यायाची वाट पाहत उभा राहतो, त्याच्या पदरी काय पडते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. पोलादपूरवरून वाहत येणारी सावित्री नदी ज्या महाडजवळून जाते, तेथे चवदार तळे आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. ऐन नाताळच्या दिवशी परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले. मात्र न्यायालयाचा हुकूम पाळून, हजारो लोक तुरुंगात जाण्यास सिद्ध असतानाही, पाणी न घेता ते परतले.

वरवर पाहता यात विसंगती दिसेल. एक ग्रंथ जाळावा आणि दुसऱ्या कायद्यापुढे मान तुकवावी, हे कसे? मला वाटते, यातच त्या घटनेचे मर्म आहे. एका कायद्याला अस्पृश्याचे म्हणणे ऐकण्याचे कानच नव्हते. दुसरा कायदा त्या दिवशी प्रतिकूल होता, तरी त्याच्यापुढे उभे राहून पुरावा मागता येत होता. ऐकणाऱ्या कायद्याचा मान राखणे म्हणजे शरणागती नव्हे.

दावा महाडहून ठाण्यास आणि तेथून उच्च न्यायालयात गेला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी कालापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. जवळजवळ दहा वर्षे गेली होती. १९२७ साली तळ्यावरून परतलेल्यांपैकी कोणी तो निकाल ऐकण्याआधीच डोळे मिटले असतील, तर त्यांची तहान कोणत्या निकालाने भागली?

लूकच्या शुभवर्तमानातील विधवा अन्यायी न्यायाधीशाचे दार ठोठावीतच राहते. तिच्या चिकाटीची आपण प्रशंसा करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु तिला खेपा घालावयास लावणाऱ्याचा दोष त्या प्रशंसेने धुऊन निघत नाही. दुसऱ्याचा धीर हा आपल्या विलंबाचा परवाना नव्हे.

म्हणून पारितोषिके अवश्य द्यावीत. पण त्यांनी आपले समाधान होऊ देऊ नये. न्यायालय पाणवठा खुला करू शकते. शेजाऱ्याला आपल्या घरातला तांब्या देणे कोणत्याही हुकुमाच्या हाती नाही. सोयरीक जुळविताना, पंगतीत पाने मांडताना, धर्मग्रामाच्या कामात कोणाला पुढे बसवावे हे ठरविताना, आपणही कोणाला तळ्याच्या काठावर ताटकळत ठेवले नाही ना? हा दावा कोणत्याही न्यायालयात दाखल होणार नाही. त्याचा निकाल आपणांसच द्यावयाचा आहे, आणि त्यासाठी दहा वर्षे घेण्याचे कारण नाही.